दुःखाचा ताळेबंद कोणी मांडायचा?

१८७३ या वर्षात दोन घटना घडल्या. एकीचा दुसरीशी काही संबंध नव्हता आणि त्या घडवणाऱ्या दोघा माणसांना एकमेकांचे नावही ठाऊक नव्हते. फेब्रुवारीत नॉर्वेतील बर्गेन शहरात गेरहार्ड हॅन्सन या एकतीस वर्षांच्या डॉक्टरला कुष्ठरोग्याच्या गाठीतून काढलेल्या द्रवात, सूक्ष्मदर्शकाखाली, काडीच्या आकाराचे जंतू दिसले. त्यानंतर अडीच महिन्यांच्या आत, १० मे रोजी, पॅसिफिक महासागरातील मोलोकाई बेटाच्या किनाऱ्यावर गुराढोरांनी आणि कुष्ठरोग्यांनी भरलेल्या एका बोटीतून तेहतीस वर्षांचा एक बेल्जियन धर्मगुरू उतरला. त्याचे नाव फादर डेमियन.

हजारो वर्षे माणसाने ज्या रोगाला पापाचे फळ, देवाचा कोप, पूर्वजन्मीचे देणे अशी नावे दिली, त्या रोगाचे कारण एक जंतू आहे हे हॅन्सनने दाखवून दिले. पण कारण सापडले म्हणून प्रश्न संपत नाही. रोग कशामुळे झाला हे डॉक्टर सांगतो. मलाच का झाला, आणि झाला तो कशासाठी, हे विचारायला रोगी पुन्हा देवळाच्या नाही तर चर्चच्या दारात जातो. डेमियनचे चरित्र मी गेली काही वर्षे पुन्हा पुन्हा वाचतो आहे ते याच प्रश्नासाठी. मी ख्रिस्ती नाही. तरीही ज्या धर्माने वधस्तंभालाच, म्हणजे छळाच्या एका साधनालाच, आपली खूण मानले, त्या धर्मातील माणसे दुःखाचे काय करतात याचे मला कुतूहल आहे. आणि मोलोकाईवर, अवघ्या काही चौरस मैलांच्या भूशिरावर, त्या धर्मातली जवळजवळ सगळी उत्तरे शेजारी शेजारी नांदत होती, भांडतही होती.

डेमियनचे मूळ नाव जोसेफ द व्हूस्टर. जन्म ३ जानेवारी १८४०, बेल्जियममधील लूव्हेन शहराजवळच्या ट्रेमेलो नावाच्या खेड्यात. वडील शेतकरी आणि धान्याचे व्यापारी. धंद्यात उपयोगी पडेल म्हणून त्यांनी या मुलाला फ्रेंच शिकायला पाठवले, कारण घरात फ्लेमिश बोलत. पण थोरला भाऊ पाम्फील धर्मगुरू व्हायला निघाला होता, आणि धाकट्यानेही तीच वाट धरली. अंगाने दणकट, हाताने कामसू, आणि लॅटिनचा गंध नसलेला हा मुलगा धर्मगुरू होण्याच्या लायकीचा नाही असे वरिष्ठांचे पहिले मत पडले. त्याला सेवेकरी म्हणून ठेवून घेतले. भावाजवळ बसून त्याने लॅटिन शिकून घेतले तेव्हा कुठे वरिष्ठांचे मत बदलले. संन्यासात त्याने डेमियन हे नाव घेतले. विनामूल्य औषधोपचार करणाऱ्या एका प्राचीन वैद्य संताचे ते नाव.

ज्या संघात तो गेला तो येशू आणि मरिया यांच्या पवित्र हृदयांचा संघ. या संघाची एक विशेष श्रद्धा होती. जगाच्या पापांनी ख्रिस्ताला जी जखम होते तिची भरपाई आपण आपल्या कष्टांनी करायची, ही ती श्रद्धा. ७ ऑक्टोबर १८६० रोजी पॅरिसमध्ये डेमियनने अखेरची व्रते घेतली तेव्हा संघाच्या रीतीप्रमाणे त्याला जमिनीवर पालथे निजवून त्याच्या अंगावर प्रेतावर घालतात ते वस्त्र पांघरले होते. आपल्याकडे संन्यास घेताना स्वतःचे श्राद्ध स्वतः करतात, तसाच हा प्रकार. वीस वर्षांच्या त्या तरुणाच्या मनावर याचा ठसा उमटला, आणि पुढे मोलोकाईला जाताना आपल्याला तो प्रसंग आठवला असे त्याने लिहून ठेवले आहे.

हवाई बेटांवर जायचे होते ते खरे पाम्फीलला. १८६३ साली निघण्याच्या सुमारास तो आजारी पडला. डेमियनने आपल्या वरिष्ठांना बाजूला सारून थेट पॅरिसला संघप्रमुखांना पत्र घातले आणि भावाची जागा मागून घेतली. हा उतावळेपणा त्याचा जन्माचा सोबती होता. १९ मार्च १८६४ रोजी तो होनोलुलूला पोचला, मे महिन्यात त्याला दीक्षा मिळाली, आणि पुढची नऊ वर्षे तो हवाईच्या मोठ्या बेटावर ज्वालामुखीच्या मुलखात पायी आणि घोड्यावर हिंडत, स्वतःच्या हाताने लाकडी देवळे उभारत राहिला.

त्या बेटांचे त्या वेळचे दुःख नीट समजून घेतले पाहिजे. १७७८ साली कॅप्टन कुक तिथे पोचला तेव्हा बेटांवर लाखोंची वस्ती होती. गोऱ्यांच्या जहाजांबरोबर देवी, गोवर, फ्ल्यू आणि उपदंश आले. या रोगांशी कधीच गाठ न पडलेली माणसे किड्यामुंग्यांसारखी मेली. १८७२ च्या जनगणनेत सगळ्या बेटांवर मिळून सुमारे ५७ हजार माणसे उरली होती, त्यातही काही बाहेरून आलेली. या पडत्या काळातच कुष्ठरोग पसरू लागला. १८६५ साली राजा पाचवा कामेहामेहा याच्या सहीने कायदा झाला आणि रोग्यांना वेगळे काढायचे ठरले. जागा निवडली ती मोलोकाईच्या उत्तरेकडील भूशिराची. तीन बाजूंना खवळलेला समुद्र आणि चौथ्या बाजूला सुमारे दोन हजार फुटांचा उभा कडा. ६ जानेवारी १८६६ रोजी पहिले बारा जण तिथे उतरवले गेले. त्यांनी शेती करून आपले पोट भरावे अशी सरकारची अपेक्षा होती. ज्यांच्या हातांची बोटे झडत चालली आहेत ते कुदळ कशी धरणार, हा विचार कागद रंगवणाऱ्यांच्या डोक्यात आलेला दिसत नाही.

हवाईच्या लोकांनी या रोगाला आपल्या भाषेत जे नाव दिले त्याचा अर्थ वेगळे करणारा रोग, घरच्यांपासून तोडणारा रोग असा होतो. मला हे नाव फार बोलके वाटते. पाप, शिक्षा, शुद्धी यांतले काहीच त्यात नाही. या लोकांच्या लेखी रोगाचे खरे दुखणे अंगावरच्या जखमांत नव्हते, ताटातुटीत होते. म्हणून कित्येक नवरे बायकांबरोबर आणि बायका नवऱ्यांबरोबर, स्वतः धडधाकट असताना, त्या भूशिरावर राहायला गेल्या. अशा सोबत्यांना ते कोकुआ म्हणत. मॉर्मन पंथाचा जोनाथन नापेला हा त्यांतलाच एक. एके काळचा न्यायाधीश, मानमरातब असलेला माणूस, तो पत्नीबरोबर तिथे गेला, डेमियनचा स्नेही झाला आणि १८७९ साली त्याच रोगाने वारला. त्याच्यावर कोणी फारशी पुस्तके लिहिली नाहीत.

आता त्या उत्तरांकडे येतो. पहिले उत्तर सर्वांत जुने आणि सर्वांत सोपे. दुःख ही पापाची शिक्षा. बायबलच्या जुन्या करारात लोभी गेहजीला आणि गर्विष्ठ राजा उज्जीयाला कोड फुटते ते देवाच्या कोपाने. संत ऑगस्टिनने हा विचार अधिक खोल नेला. मूळ पापाने सगळी मानवजातच बिघडली, आणि दुःख त्या बिघाडातून येते, असे तो म्हणे. पण मोलोकाईच्या काळात होनोलुलूत जे बोलले जाई त्यात एवढी खोली नव्हती. कुष्ठरोग म्हणजे उपदंशाचीच पुढची पायरी, असे एक सरकारी डॉक्टर उघड सांगत असे, आणि उपदंश म्हणजे अनीती. एतद्देशीय लोक स्वैर, म्हणून त्यांना हा रोग, असे गणित मांडले की गोऱ्या पांढरपेशांना शांत झोप लागे.

आपण हसायचे कारण नाही. आपल्याकडेही महारोग म्हटले की पूर्वजन्मीचे पाप हा शेरा ठरलेला. प्रारब्धाचा सिद्धांत आणि मूळ पापाचा सिद्धांत यांच्यात तत्त्वज्ञानाचे कितीही अंतर असो, शेजारच्या दुःखी माणसाला त्याच्याच खात्यावर नावे टाकण्याची सोय दोन्हींत सारखीच आहे.

दुसरे उत्तर त्या भूशिरावर डेमियनच्या आधीच आलेले होते, आणि ते आणले होते रोग्यांनी स्वतः. १८६६ सालीच, म्हणजे पहिली बोट आली त्याच वर्षी, पस्तीस रोग्यांनी एकत्र येऊन कालावाओ येथे आपली प्रॉटेस्टंट मंडळी स्थापन केली. १८७१ मध्ये त्यांचे चर्च उभे राहिले. त्याचे नाव सिलोआमा. योहानाच्या शुभवर्तमानात जन्मांध माणसाची गोष्ट आहे. शिष्य येशूला विचारतात, की याच्या आंधळेपणाला पाप कोणाचे, याचे की याच्या आईबापांचे? येशू दोन्ही पर्याय फेटाळतो, देवाचे कार्य या माणसाच्या ठायी प्रकट व्हायचे आहे असे सांगतो, आणि त्याला शिलोहच्या तळ्यात डोळे धुवायला पाठवतो. ते शिलोह म्हणजेच सिलोआमा. ज्यांना सगळे जग पापी म्हणून बोट दाखवत होते, त्यांनी आपल्या देवळाला नेमके त्या तळ्याचे नाव द्यावे, हे मला साध्या योगायोगाचे वाटत नाही. देवाला आपले कार्य दाखवायचे म्हणून एखाद्याने जन्मभर आंधळे राहायचे का, हा उलट प्रश्न कोणी करील, आणि तो रास्तही आहे. पण दोष कोणाचा ही चौकशी तिथल्या तिथे थांबवली, एवढे तरी त्या गोष्टीचे श्रेय मान्य करावे लागेल.

डेमियन उतरला तेव्हा वस्तीत सहाशे ते आठशे रोगी होते. खरे तर बिशप मेग्रे यांनी चार धर्मगुरूंनी पाळीपाळीने जावे असे ठरवले होते. डेमियन पहिल्या पाळीला गेला आणि परत आलाच नाही. सुरुवातीच्या रात्री त्याने देवळाजवळच्या एका झाडाखाली काढल्या. हे झाड आपल्या केवड्याच्या कुळातले. रोग्यांच्या झोपड्यांतील दुर्गंधी सहन होईना म्हणून तो पाइप ओढू लागला. मग तो कामाला लागला, आणि त्याची कामाची यादी पाहिली की ती धर्मगुरूची वाटत नाही, एखाद्या ग्रामपंचायतीच्या ओव्हरसियरची वाटते. डोंगरातून पाणी नळाने वस्तीत आणणे. १८७४ च्या वादळात झोपड्या उडाल्या तेव्हा सरकारकडे लाकूड मागून घरे बांधणे. दफनभूमीला कुंपण घालणे, कारण डुकरे आणि कुत्री थडगी उकरत. स्वतः रंधा मारून शेकडो शवपेट्या करणे. अनाथ मुलामुलींसाठी घरे, जखमा धुणे, मलमपट्टी, गाण्याचा वर्ग, बँड. दारू गाळणाऱ्यांच्या अड्ड्यावर काठी घेऊन जाणे हेही त्यात आले. तो हट्टी होता, तापट होता, सरकारी आरोग्य मंडळाकडे सदैव काही ना काही मागत असे. पंथभेदाच्या बाबतीत तो आपल्या काळाच्या पुढे नव्हता. प्रॉटेस्टंटांना तो पाखंडीच समजे.

मी बत्तीस वर्षे बँकेत काढली. डेमियनची ही यादी वाचताना मला एका तालुक्याच्या शाखेतला एक खातेदार आठवतो. कुष्ठरोगाने त्याच्या दोन्ही हातांची बोटे गेली होती. निरक्षर खातेदाराच्या डाव्या अंगठ्याचा ठसा घ्यायचा असा नियम. अंगठा नसेल तर पायाच्या अंगठ्याचा. दर महिन्याला तो पैसे काढायला येई, बाकावर बसून शांतपणे पाय पुढे करी, आणि शिपाई शाईचा पॅड घेऊन खाली बसे. एकदा रांगेतल्या एका सुशिक्षित गृहस्थांनी त्याला प्रारब्धावर बरेच काही ऐकवले. त्याने सगळे ऐकून घेतले, आणि मग आपली पैसे काढायची स्लिप त्यांच्यापुढे धरून ती भरून देण्याची विनंती केली. गृहस्थांनी ती भरली, पण कागदाच्या कडेला धरून. डेमियनने मोलोकाईवर जे केले त्याचे सार मला त्या स्लिपमध्ये दिसते. त्याने आधी स्लिप भरली.

पण म्हणून डेमियनला दुःखाबद्दल काही म्हणायचेच नव्हते असे नाही. तिसरे उत्तर त्याचे आहे, आणि ते कॅथलिक परंपरेत फार खोल रुजलेले आहे. संत पौलाने कलस्सैकरांस लिहिलेल्या पत्रात, ख्रिस्ताच्या यातनांत जे उणे राहिले ते मी माझ्या देहात भरून काढतो, अशा अर्थाचे एक गूढ विधान केले आहे. त्यावरून असा विचार आला, की माणूस आपले दुःख ख्रिस्ताच्या दुःखाला जोडू शकतो, आणि मग ते वाया जात नाही, इतरांच्या कामी येते. प्रॉटेस्टंट सुधारकांना हे पटण्याजोगे नव्हते. वधस्तंभावर जे झाले ते एकदाच आणि पुरेसे झाले, त्यात माणसाने भर घालण्यासारखे काही उरले नाही, अशी त्यांची धारणा. त्यांच्या मते दुःख ही श्रद्धेची कसोटी, देवाने लावलेली शिस्त. याखेरीज दुसऱ्या शतकातील संत इरिनेयसपासून चालत आलेला आणखी एक प्रवाह आहे. माणूस पूर्ण घडवून जगात पाठवलेला नाही, तो इथे घडायचा आहे, आणि दुःखाशिवाय धैर्य, करुणा, सहनशीलता घडत नाही, असे तो सांगतो. मोलोकाईवर लहान लहान मुले होती. त्यांच्यापुढे हे शेवटचे उत्तर उच्चारून पाहावे, म्हणजे ते किती टिकते ते कळते.

डेमियनने आपले उत्तर रोग्यांवर लादले नाही, स्वतःवर घेतले. बेटावर आल्यानंतर काही महिन्यांतच भावाला लिहिलेल्या पत्रात त्याने सांगितले, की प्रवचनात तो श्रोत्यांना तुम्ही म्हणत नाही. स्वतःलाही रोग्यांतच धरून आम्ही म्हणतो. पुढे दंतकथा अशी झाली, की रोग जडल्यावर एका रविवारी त्याने हा शब्द पहिल्यांदा वापरला आणि लोकांना उलगडा झाला. दंतकथा नाट्यमय आहे, पण खरी हकीकत मला अधिक मोलाची वाटते. रोग जडण्याच्या अकरा वर्षे आधीपासून तो आम्ही म्हणत होता. तो रोग्यांच्या ताटात जेवे, आपला पाइप त्यांना ओढायला देई, त्यांच्या जखमांना हात लावी.

याची किंमत पहिल्याच वर्षी कळली. आरोग्य मंडळाने त्याला भूशिर सोडण्याची बंदी केली. एकांतात पापनिवेदन करायलाही दुसरा धर्मगुरू मिळेना. एकदा वरिष्ठ फादर बोटीने आले, पण कप्तानाने त्यांना उतरू दिले नाही आणि याला वर घेतले नाही. डेमियन होडीतून बोटीच्या कडेला गेला आणि खालून ओरडून, प्रवासी ऐकत असताना, त्याने आपली पापे सांगितली. पुढे बंदी सैल झाली, पण एकटेपण गेले नाही.

१८८४ च्या डिसेंबरात त्याने थकलेला पाय गरम पाण्यात बुडवला. कातडीवर फोड आले, वेदना मात्र झाली नाही. पुढच्या वर्षी डॉक्टरांनी निदान पक्के केले. आता तो खरोखरच त्यांच्यातला झाला होता. देवाने हे होऊ दिले, आणि माझ्यासाठी काय बरे ते त्याला ठाऊक, अशी त्याची भूमिका होती. म्हणजे त्याने दुःखापुढे हात टेकले का? मुळीच नाही. होनोलुलूला जाऊन त्याने जपानी डॉक्टर गोतो यांच्या औषधी स्नानाचा उपचार घेतला आणि तशी स्नानगृहे आपल्या वस्तीत व्हावीत म्हणून सरकारच्या मागे लागला. डिसेंबर १८८८ मध्ये एडवर्ड क्लिफर्ड हा अँग्लिकन पंथाचा इंग्रज चित्रकार त्याच्यासाठी गर्जन तेल घेऊन आला. अंदमानात कुष्ठरोगावर ते वापरत आणि क्लिफर्डने हिंदुस्थानातील कुष्ठधामे पाहिलेली होती. डेमियनने तेही लावून पाहिले. दुःख देवाने दिले हे मानणारा माणूस त्या दुःखावर मिळेल ते औषध शोधत होता. तर्कशास्त्राच्या पंडिताला यात विसंगती दिसेल. मला वाटते, दुःख देवाने दिले हे विधान तो फक्त स्वतःच्या दुःखाबद्दल करत होता. दुसऱ्याच्या दुःखाबद्दल त्याला एकच गोष्ट ठाऊक होती, की ते कमी केले पाहिजे.

अखेरची वर्षे कडू गेली. लंडनमधील चॅपमन नावाच्या अँग्लिकन पाद्र्याने त्याच्या रोग्यांसाठी जवळपास हजार पौंड जमवून पाठवले, तर स्वतःच्याच मिशनमधल्या वरिष्ठांना तो आपल्या संस्थेचा अपमान वाटला. स्वतःचा गाजावाजा करतो, असे आरोप त्यांनी पत्रांतून केले. आपण स्वर्गाला पात्र नाही अशी भीती त्याला ग्रासू लागली. मदतीला मात्र माणसे येत गेली. १८८६ साली अमेरिकन यादवी युद्धातला माजी सैनिक जोसेफ डटन आला आणि १९३१ साली मरेपर्यंत या रोग्यांची सेवा करत राहिला. नोव्हेंबर १८८८ मध्ये मदर मॅरिअन कोप आपल्या फ्रान्सिस्कन भगिनींसह आल्या.

या मॅरिअनबाईंकडे थोडे थांबून पाहिले पाहिजे. अमेरिकेत सिरॅक्यूज येथे त्यांनी रुग्णालय चालवले होते. स्वच्छतेबद्दल त्या अत्यंत काटेकोर. रोग्याला शिवल्यावर हात धुवायचे, जेवणखाण वेगळे ठेवायचे, हे नियम त्यांनी भगिनींना घालून दिले आणि तुमच्यापैकी कोणालाही हा रोग होणार नाही असा शब्द दिला. तो खरा ठरला. स्वतः त्या १९१८ पर्यंत तिथे राहिल्या, आणि त्यांना रोग झाला नाही. एकाच धर्माची, एकाच पंथाची ही दोन माणसे. एकाने रोग्याच्या थाळीत हात घातला, दुसरीने हात धुतले. दुःख वाटून घेणे म्हणजे प्रेम, की दुःख आपल्यापाशी थांबवून दुसऱ्या दिवशी कामाला ताजे उभे राहणे म्हणजे प्रेम? वाचकांपैकी जे डॉक्टर, परिचारिका असतील, किंवा घरात दीर्घ आजाऱ्याची शुश्रूषा करत असतील, त्यांना हा प्रश्न पुस्तकी वाटणार नाही. कॅथलिक चर्चने डेमियनला २००९ साली आणि मॅरिअनबाईंना २०१२ साली संत म्हणून जाहीर केले. म्हणजे निवाडा दिलाच नाही, आणि ते योग्यच झाले.

१५ एप्रिल १८८९ रोजी, ख्रिस्ताच्या यातनांच्या स्मरणाच्या सप्ताहातील सोमवारी, डेमियन वारला. वय ४९. ज्या झाडाखाली तो पहिल्या रात्री निजला होता त्याच झाडाखाली त्याला पुरले. आणि मग ते पहिले, सर्वांत जुने उत्तर पुन्हा डोके वर काढून उभे राहिले. होनोलुलूतील हाइड नावाच्या प्रॉटेस्टंट पाद्र्याने एका परिचिताला पत्र लिहिले. डेमियन गलिच्छ आणि हेकेखोर होता, आणि त्याला रोग झाला तो स्त्रियांशी असलेल्या संबंधांमुळे, असा त्याचा आशय. पत्र वर्तमानपत्रांत छापून आले. त्याला उत्तर दिले ते दुसऱ्या प्रॉटेस्टंट घरात वाढलेल्या माणसाने. कादंबरीकार रॉबर्ट लुई स्टीव्हन्सन डेमियनच्या मृत्यूनंतर काही आठवड्यांनी मोलोकाईवर आठवडाभर राहून आला होता. १८९० मध्ये त्याने सिडनीत एक जळजळीत अनावृत पत्र छापले. अब्रूनुकसानीचा दावा होऊन आपण धुळीला मिळू याची त्याला भीती होती, तरी छापले. विशेष म्हणजे डेमियनचे दोष त्याने लपवले नाहीत. माणूस ओबडधोबड होता हे मान्य करून, तुम्ही आपल्या सुखवस्तू घरात बसला होता तेव्हा तो तिथे होता, हा त्याने मांडलेला मुद्दा. हाइडला डेमियनचा रोग पापाचे फळ ठरवणे भाग होते. तसे नसते, तर एवढे दुःख शेजारी असताना आपण काय केले, हा प्रश्न त्याच्याकडे वळला असता.

डेमियनच्या मृत्यूचे पडसाद आपल्या देशापर्यंत आले. त्याच्या स्मरणार्थ इंग्लंडमध्ये प्रिन्स ऑफ वेल्सच्या पुढाकाराने १८८९ साली कुष्ठनिधी उभा राहिला आणि त्यातून १८९०-९१ मध्ये एक आयोग हिंदुस्थानात पाहणीसाठी आला. संसर्गाचा धोका समजतात त्यापेक्षा फारच कमी आहे, असा निष्कर्ष आयोगाने काढला. तरीही १८९८ मध्ये निराधार कुष्ठरोग्यांना डांबण्याचा कायदा झालाच. भीतीला अहवाल समजत नाही. मुंबईत १८९० साली माटुंग्याला बेघर कुष्ठरोग्यांसाठी आश्रम निघाला तो म्युनिसिपल कमिशनर अॅकवर्थ यांच्या खटपटीने. शाळीग्रामांबरोबर मराठी पोवाडे गोळा करणारे अॅकवर्थ ते हेच. पुढे अमरावतीला शिवाजीराव पटवर्धनांनी, वरोऱ्याला बाबा आमट्यांनी जे केले ते वाचकांना सांगायला नको.

आज या रोगावर औषध आहे. १९८१ पासून जागतिक आरोग्य संघटनेने शिफारस केलेले बहुविध औषधोपचार सहा महिने ते वर्षभरात रोग बरा करतात, आणि ते फुकट मिळतात. तरी जगातील नव्या रुग्णांपैकी निम्म्याहून अधिक भारतात सापडतात, आणि जोडीदाराला कुष्ठरोग झाला हे घटस्फोटाचे कारण आपल्या कायद्याच्या पुस्तकांतून निघाले ते २०१९ साली. हॅन्सनच्या जंतूने जे सिद्ध केले ते आपल्या मनाने मान्य करायला जवळजवळ दीडशे वर्षे घेतली.

मग दुःखाचे प्रयोजन काय? ईयोबाच्या पुस्तकात त्याचे तीन मित्र सात दिवस त्याच्याजवळ गप्प बसतात. तेवढेच दिवस ते त्याचे मित्र असतात. आठव्या दिवशी ते तोंड उघडून कारणे सांगू लागतात, आणि पुस्तकाच्या शेवटी देव त्यांच्यावरच रागावतो. डेमियनचे चरित्र वाचून माझे मत असे झाले आहे, की दुःखाला अर्थ देण्याचा अधिकार ज्याचे दुःख त्यालाच आहे. तो म्हणाला हे माझ्या पापाचे फळ, किंवा ही माझी साधना, किंवा याला काहीच अर्थ नाही, तर आपण ऐकून घ्यावे. दुसऱ्याच्या खात्यात नोंद करायला आपला हात पुढे होऊ नये. बँकेत तो गुन्हा ठरतो.

१९३६ साली बेल्जियम सरकारच्या विनंतीवरून डेमियनचे अवशेष मोलोकाईहून लूव्हेनला नेण्यात आले. भूशिरावरच्या रोग्यांना त्याचे वाईट वाटले. त्यांचा माणूस त्यांच्यापासून तोडला गेला होता. १९६९ मध्ये रोग्यांना सक्तीने वेगळे ठेवण्याचे धोरण हवाईत बंद झाले. एक शतकाच्या काळात सुमारे आठ हजार माणसे तिथे पाठवली गेली होती. १९९५ साली पोपनी डेमियनला धन्य घोषित केले, तेव्हा त्याच्या उजव्या हाताच्या अस्थी परत हवाईला देण्यात आल्या. रंधा मारणारा, जखमा धुणारा तो हात आता कालावाओच्या जुन्या थडग्यात आहे. सिलोआमाचे छोटे चर्च तिथून हाकेच्या अंतरावर उभे आहे.